ओल्या कचऱ्याची आवक-जावक

नानांच्या हातून आजवर एकही अर्ज पहिल्या फेरीत पास झालेला नव्हता. एकही म्हणजे एकही नाही. नगरपालिकेतली चौथी खिडकी त्यांची. माणूस यायचा, कागद आत सरकवायचा, आणि नाना चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तो कागद आधी वरून खाली आणि मग खालून वर वाचायचे. मग अगदी मऊ आवाजात विचारायचे, “तारीख?” तारीख असली तर, “सहीखाली पूर्ण नाव?” नाव असलं तर, “समासात का लिहिलंय?” समासही कोरा असला तर नाना कागद उजेडात धरायचे, आणि उजेडात काही ना काही सापडायचंच. एकदा चौथ्या खेपेला अर्ज पास झालेले एक गृहस्थ खिडकीशीच ढसाढसा रडले. नानांनी घरी येऊन कौतुकाने सांगितलं, “माणसं आनंदाने रडतात हो अजून!”

त्यामुळे त्यांची मुलगी जेव्हा कॉलेजातून आठ पानी अर्ज घेऊन घरी आली, तेव्हा नानांचा चेहरा असा खुलला की जणू कुणी त्यांच्या मांडीवर नातवंडच ठेवलं.

मुलीला सगळे तुडतुडी म्हणत. पाळण्यात ठेवली की ती पाळण्यातून बाहेर, खुर्चीत बसवली की खुर्चीवर उभी, असा तिचा लहानपणापासूनचा कारभार. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला परदेशी जायचं होतं. तेही एका डोंगरातल्या खेड्यात, सहा आठवडे, शाश्वत ग्रामविकासाची इंटर्नशिप करायला. तिथल्या लोकांबरोबर खत करायचं, पाणी अडवायचं, माती वाचवायची. अख्ख्या कॉलेजातून एकालाच घेणार होते.

“म्हणजे परदेशी जाऊन कचरा चिवडायचा?” आईने विचारलं.

“चिवडायचा नाही गं, कुजवायचा.”

“तो तर आपल्याकडेही कुजतोच आहे.”

“तेच तर!” तुडतुडी टुणकन उडाली. “अर्जाची अटच आहे तशी. आधी आपल्याच वस्तीत एक प्रकल्प तीस दिवस चालवून दाखवायचा. फोटो हवेत, दहा घरांच्या सह्या हव्यात आणि नगरपालिकेचा ना-हरकत दाखला हवा. मुदत चाळीस दिवसांची आहे. मी आपल्या बिल्डिंगच्या ओल्या कचऱ्याचं खत करणार!”

नाना तोवर पान सहावर पोचले होते. चष्मा शेंड्यावर होता.

“तू फक्त अभ्यास कर,” ते म्हणाले. “हे माझ्यावर सोड.”

इथेच खरं तर सगळ्यांनी घाबरायला हवं होतं.

बातमी जिन्यातून वर जायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. समोरच्या दारातले निवृत्त मुख्याध्यापक चप्पल न घालताच आले. त्यांना सगळं मुद्द्यांत बोलायची सवय होती. निवृत्तीनंतर वर्ग गेला, मुद्दे राहिले. “मुद्दा एक, कचरा खाली ठेवला तर उंदीर येतात. मुद्दा दोन, वर ठेवला तर कावळे येतात. मुद्दा तीन...” तिसऱ्या मुद्द्यापर्यंत ते कधीच पोचत नसत, कारण तेवढ्यात कुणीतरी चहा आणायचं. वरच्या मजल्यावरची मावशीही उतरली. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण तिचा एक भाचा परदेशी होता आणि त्या जोरावर परदेशाचा कारभार तिच्याकडे होता.

“अगं, लोक परदेशी जातात ते मोठ्या शहरात,” मावशी म्हणाली. “काचेच्या बिल्डिंगा, सरकते जिने. तू तिथे जाऊन खेड्यात? म्हणजे विमानात बसून मागे जायचं!”

“मावशी, तिथे शिकायला मिळतं.”

“आमचा भाचा तर म्हणतो, तिथे कचरा दिसतच नाही.”

“मग जातो कुठे?” तुडतुडीने विचारलं.

मावशीने भाच्याला हे कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “विचारून सांगते.”

पहिल्या दिवशी तुडतुडीने बारा घरांत फिरून सगळ्यांना समजावलं. भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा खाली आणून टाकायचा. गच्चीवर पडून असलेली पाण्याची जुनी प्लास्टिकची टाकी चौघांनी मिळून मागच्या अंगणात उतरवली. “हिला भोकं पाडायची, सुका पाचोळा घालायचा, दर दोन दिवसांनी वरखाली करायचं,” असं ती सांगत होती. नाना मान डोलावत होते. नानांच्या मान डोलावण्याचा अर्थ “ऐकलं” असा असतो, “पटलं” असा नसतो, हे घरात आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि आई त्या वेळी पायरीवर उभी राहून टाकी सांभाळा म्हणून ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी तुडतुडीचं सकाळचं प्रॅक्टिकल सुरू झालं. ती सहाला बाहेर पडली आणि सात वाजता नानांनी जिन्याखाली टेबल मांडलं.

टेबलावर एक वही. वहीवर ठसठशीत अक्षरांत: ‘ओल्या कचऱ्याची आवक’. रकाने सात: अनुक्रमांक, दिनांक, सदनिका, कचऱ्याचा प्रकार, अंदाजे वजन, शेरा, सही. भिंतीवर पुठ्ठा टांगलेला: ‘वेळ सात ते साडेसात. साडेसातनंतर आलेला कचरा दुसऱ्या दिवशीचा समजला जाईल.’

सगळ्यात आधी मावशी आली. तिच्या हातात वाडगा होता.

“काय आहे यात?” नानांनी मऊ आवाजात विचारलं.

“काय असणार? कोबीची पानं. दोन केळ्यांच्या साली. अंड्याची टरफलं.”

“तीन प्रकार झाले. एका वाडग्यात कसे?”

“अहो नाना, पोटात जाताना एकत्रच गेले ते!”

“पोटाचा प्रश्न नाही. रकान्याचा प्रश्न आहे. वेगळे करून आणा.”

मावशीने वर जाऊन तीन वाडगे आणले. तोवर सात एकतीस झाले होते.

मुख्याध्यापकांचा कचरा ओला आहे म्हणून परत गेला. “अहो, ओलाच हवाय ना?” ते म्हणाले. “ओला म्हणजे जातीने ओला,” नानांनी समजावलं. “पाणी गळता कामा नये. निथळून आणा.” मग मुख्याध्यापक दोरीवर कलिंगडाच्या साली वाळत घालताना दिसले. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर दारात उभा राहून म्हणाला, “माझी बायको विचारतेय, भोपळ्याच्या बिया फळात धरायच्या की भाजीत?” तो चेष्टा करत होता. नानांनी मात्र अर्धा तास विचार करून ‘संकीर्ण’ असा आठवा रकाना आखला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नऊसुद्धा लागले नाहीत. चौथ्या दिवशी मांजर टाकीत उतरली. नानांनी टाकीला झाकण घातलं. पाचव्या दिवशी कावळ्यांनी झाकण सरकवलं, तेव्हा नानांनी कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. झाकण आणि टाकी यांच्या मधे कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तिरकी सहीही ठोकली.

“नाना, त्याला हवा लागते!” तुडतुडी म्हणाली. “आत गुदमरतंय ते.”

“आधी माल तर जमू दे.”

“भोकं तरी पाडा.”

“भोकं पाडली की मुंग्या. नोंद आहे माझ्याकडे.”

“कशाची?”

“मुंग्यांची.”

तुडतुडीची परीक्षा तोंडावर होती. ती दोनदा भांडली, तिसऱ्यांदा हात जोडून निघून गेली. नाना मात्र रोज सकाळी तीन मिनिटं कुलूप उघडत, पास झालेला कचरा आत सोडत, श्वास रोखून झाकण लावत आणि पट्टीवर नवी सही करत. वास येतोय हे त्यांना कळत होतं. पण वासाला वहीत रकाना नव्हता.

चौदाव्या दिवशी आरोग्य निरीक्षक यायचे होते. प्रकल्प डोळ्यांनी पाहून त्यांनी दाखल्याची शिफारस करायची असा नियम. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाराही घरं अंगणात जमली. काही कौतुकाने, काही कलिंगडाच्या सालींचा हिशेब चुकता करायला. तुडतुडी फोटो काढायला कॉलेजच्या बाईंचा कॅमेरा घेऊन पुढे उभी होती. निरीक्षक आले. भला माणूस, जाड मिशा, नानांना ओळखणारा.

“वा नाना, तुमचं काम म्हणजे चोख असणार,” ते म्हणाले.

“पाहा तरी,” नाना म्हणाले. त्यांनी पट्टी हलकेच सोडवली, कुलूप काढलं आणि झाकण उचललं.

पुढे जे झालं त्याला वास म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. तो टाकीतून निघाला, क्षणभर थांबून त्याने सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग एकेकाला गाठलं. निरीक्षकांनी मिशा दोन्ही हातांनी दाबल्या. मुख्याध्यापक “मुद्दा एक” म्हणाले आणि पुढचा श्वास त्यांना घेता येईना. चिलटांचा एक काळा ढग वर उठला आणि मावशीच्या वेणीभोवती स्थिरावला. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरच्या घराच्या सगळ्या खिडक्या एकामागून एक खाडकन बंद झाल्या. तुडतुडीने दचकून बटण दाबलं, आणि तो फोटो फार सुंदर आला: मधोमध नाना, हातात झाकण, चेहऱ्यावर हसू अजून तसंच, बाकी सगळे पाठमोरे.

“नाना,” निरीक्षक फाटकाबाहेरून म्हणाले, “हे सडलंय. कुजणं वेगळं, सडणं वेगळं. आणि अंगणात हे करायला परवानगी घेतली होती का?”

“परवानगी?”

“वस्तीत खत करायला अर्ज लागतो. तुमच्याच खिडकीवर घेतात की तो!”

नाना उभ्या जागी थिजले. बावीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढणाऱ्या माणसाला, आपल्यालाही अर्ज करावा लागतो, ही गोष्ट सुचलीच नव्हती.

“आठ दिवसांत परवानगी आणा, वास बंद करा,” निरीक्षक म्हणाले. “नाहीतर मला टाकी उचलावी लागेल. माझाही नाइलाज आहे.” आणि ते गेले, जाताना मिशा धरूनच.

सह्यांचं बोलायलाच नको. “सही?” मावशी चिलटं झटकत म्हणाली. “माझं टरफल सात एकतीसला परत करणाऱ्याला मी सही देऊ?”

नानांनी आठवडाभर रजा टाकली होती, म्हणून चौथ्या खिडकीवर नवी कारकून मुलगी बसली होती. तिला नानांनीच तयार केलेलं. तिला पाहून नानांना हायसं वाटलं. रांगेत दीड तास उभं राहून त्यांनी अर्ज आत सरकवला.

“नाना! तुम्ही! पाय दुखले असतील.” तिने कागद घेतला. वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. “जागेचा नकाशा?”

“अगं, अंगण आहे. चौकोनी.”

“चौकोनी असेल हो. नकाशा लागतो.”

“तू मला ओळखतेस ना?”

“तुम्हाला ओळखते,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, “कागदाला नाही ओळखत. तुम्हीच शिकवलंत.”

मागच्या बाईने नानांना कोपराने ढोसलं. “सरका ना काका, झालं ना तुमचं?”

दुसऱ्या दिवशी नकाशा नेला, तर त्यावर उत्तर दिशा नव्हती. नाना घरी आले तेव्हा त्यांची चप्पल हातात होती. रांगेत कुणाच्या तरी पायाखाली पट्टा तुटला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण मोडेल पण वाकणार नाही असा तो बाणा. जेवायला बसताच त्यांनी खिशातून कागद काढला.

“मी सुधारित नियमावली केली आहे. यापुढे कचरा आठवड्यातून दोनदाच. सोबत प्रतिज्ञापत्र...”

तुडतुडीने ताट बाजूला सारलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“नाना, तुम्हाला मी जायलाच नकोय ना?”

“काहीतरीच काय!”

“मग सांगा ना तसं. सरळ सांगा. मी नाही जाणार. पण असं रोज थोडं थोडं त्रुटीत नका काढू मला.”

ती उठून आत गेली. दार आपटलंही नाही. नाना हात तसाच ताटात ठेवून बसले. मग म्हणाले, “मी तर तिच्याचसाठी...” आणि वाक्य पुढे जाईना.

आईने पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. “ती दुसरीत होती तेव्हा शाळेची सहल होती. धरण बघायला. आठवतंय?”

“नाही.”

“संमतीपत्र होतं. तुम्ही म्हणालात, परतीची वेळ लिहिलेली नाही, असं मी सही करत नसतो. बाईंनी दुसरं पत्र पाठवेपर्यंत बस गेली.” आई ताटं गोळा करू लागली. “अहो, बसला अपघात झाला नाही काही. मुलं भिजली, गाणी म्हटली आणि आली घरी. ही गॅलरीत उभी राहून त्यांना बघत होती.”

 त्या दिवशी नानांनी नियमावलीचा कागद घडी न घालता तसाच टेबलावर सोडला, आणि ही त्यांच्या आयुष्यातली फार मोठी बेशिस्त होती.

सकाळी सहाला तुडतुडी बाहेर पडताना जिन्याखाली टेबल नव्हतं. टाकीपाशी नाना उभे होते. जुनी पँट, नाकावर रुमाल. त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. ती सुटता सुटेना. नखाने, मग दाताने सोडवली, आणि तिच्या हातावर ठेवली.

“काय करायचं सांग,” ते म्हणाले. “मी विचारणार नाही.”

“काहीच?”

“दोन प्रश्न. फार तर तीन.”

तुडतुडीने प्रॅक्टिकलला दांडी मारली. त्या एका सकाळी टाकी आडवी झाली, आतलं काळं पाणी बादल्यांनी निघालं, सुताराकडून भुसा आला आणि रस्त्याच्या कडेचा पाचोळा पोत्यांनी आला. सुताराच्याच गिरमिटाने टाकीला साठ भोकं पडली. प्रत्येक भोकाला नाना डोळे मिटून घेत होते. भुसा संपला तेव्हा तुडतुडीने इकडेतिकडे पाहिलं. “अजून सुकं हवंय. कागद चालेल.”

नाना वर गेले आणि आवकेची वही घेऊन आले. पहिलं पान फाडायच्या आधी त्यांनी ते एकदा वरून खाली वाचलं. दुसरं जरा सोपं गेलं. ‘संकीर्ण’पर्यंत येता येता त्यांना चक्क मजा वाटू लागली होती.

गॅलरीतून मुख्याध्यापक हे सगळं बघत होते. फाडणं, टाकणं, दाताळ्याने ढवळणं. शेवटी त्यांना राहवेना. ते चप्पल न घालताच खाली आले. “मुद्दा एक, तुम्ही दाताळं उलटं धरलंय.” आणि त्यांनी दाताळं हिसकावून घेतलं. तासाभराने मावशी आली. हातात एकच वाडगा, त्यात पाच प्रकार, आणि नजर नानांच्या डोळ्यांत रोखलेली. नानांनी वाडगा घेतला. पाहिलाही नाही. सरळ उलटा केला.

“भाच्याला विचारलं मी,” मावशी विरघळून म्हणाली. “त्यालाही माहीत नाही कचरा कुठे जातो ते. इतकी वर्षं राहून! मूर्ख आहे.”

लोक पुन्हा सल्ले देऊ लागले आणि तुडतुडीने ओळखलं की आता सह्या मिळणार. ज्याला सल्ला द्यावासा वाटतो तो माणूस आपलाच असतो. कुणी म्हणालं जास्त ओलं झालंय, कुणी म्हणालं कोरडं आहे. इंजिनिअरने तर ढिगाचं तापमान घ्यायला मुलांचा थर्मामीटर आणला आणि त्याच्या बायकोने तो परत न्यायला नकार दिला. पाचव्या दिवशी ढीग ढवळताना आतून वाफ निघाली. वासही बदलला होता. पावसानंतरच्या शेतासारखा, मुख्याध्यापक म्हणाले, आणि तिसऱ्या मुद्द्याची वाट न पाहता सही करून गेले.

तिसऱ्या खेपेला चौथ्या खिडकीवर परवानगीचा शिक्का बसला, आणि निरीक्षकांनीही या वेळी मिशा न धरता दाखल्याची शिफारस केली. नकाशात उत्तर दिशा होती, दक्षिणही होती. खिडकीशी ढसाढसा रडलेले ते गृहस्थ नानांना आठवले, आणि ते आनंदाने रडले नव्हते, हे आज त्यांना नक्की कळलं. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या अर्जावर तारीख नव्हती. नानांनी खिशातलं पेन काढून दिलं. “इथे घाला, उजवीकडे वर,” ते कुजबुजले. “नाहीतर परत पाठवेल. फार कडक आहे ती.”

अर्जात मात्र एक घोळ राहिला होता. तीस दिवस भरले, पण त्यातले सोळा सडण्याचे होते.

“ते सोळा लिहू नकोस,” नाना म्हणाले. हा त्यांचा तिसरा प्रश्न नव्हता, पहिली विनवणी होती. “रकानाच नाही बघ. ‘यश’ आहे, ‘लाभार्थी’ आहे. बिघडलं ते लिहायला जागाच ठेवलेली नाही.”

“मग जोडपान लावीन.”

“जोडपान!” जोडपान असलेला अर्ज नानांनी जन्मात वाचला नव्हता, तसाच परत केला होता. पण तुडतुडीने लिहिलं. झाकण, कुलूप, चिलटं, सगळं. तो पाठमोऱ्या माणसांचा फोटोही डकवला. पालकाच्या सहीच्या जागी नानांनी सही केली, आणि पान उजेडात न धरता परत दिलं.

दहा दिवसांनी मुलाखत होती, संगणकावर. जेवणाच्या टेबलावर संगणक, समोर तुडतुडी, बाजूच्या खोलीच्या पडद्याआड आई, मावशी, मुख्याध्यापक आणि नाना. संगणकाच्या पडद्यावर त्या खेड्यातल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, रापलेल्या, नखांत माती. मागून कोंबड्या जात-येत होत्या. सगळं इंग्रजीत. बाईंचं इंग्रजी तुटकं, तुडतुडीचंही तुटकं, त्यामुळे दोघींना एकमेकींचं छान कळत होतं.

बाईंनी तो फोटो कॅमेऱ्यापुढे धरला. “बाकी मुलांनी फुलांचे फोटो पाठवले,” त्या म्हणाल्या. “हा माणूस कोण?”

पडद्याआड मावशीने नानांचं मनगट पकडलं.

“माझे वडील,” तुडतुडी म्हणाली.

“कुलूप यांनी लावलं?”

“हो.”

“आमच्या गावातही अशी माणसं आहेत. पुष्कळ आहेत. तू आलीस आणि कुणी कुलूप लावलं, तर काय करशील?”

 तुडतुडीला पाठ केलेली पंधरा उत्तरं येत होती. त्यांत हे नव्हतं.

“आधी भांडेन,” ती शेवटी म्हणाली. “मी दोनदा भांडले आणि सोडून दिलं, तसं नाही करणार. आणि मग विचारीन की कसली भीती वाटते. ते मी विचारलंच नाही. मला वाटलं त्यांना मी जायला नको आहे. तसं नव्हतं. त्यांना फक्त... काही वाया जायला नको होतं.”

बाई काही बोलणार तोच पडदा हलला आणि नाना बाहेर आले. आईने ओढायचा प्रयत्न केला, तिच्या हातात फक्त बाही राहिली. नाना कॅमेऱ्यापुढे ताठ उभे राहिले. त्यांचं इंग्रजी सगळं सरकारी पत्रांतलं होतं. “महोदया,” ते म्हणाले, “सविनय सादर करतो की, सदर सोळा दिवसांची संपूर्ण जबाबदारी निम्नस्वाक्षरीकाराची आहे. मुलीचा दोष नाही. कळावे. आपला विश्वासू.”

बाई इतक्या हसल्या की एक कोंबडी उडून खुर्चीवर बसली. मग हसणं आवरून त्यांनी तुडतुडीकडे पाहिलं. “पुढच्या महिन्यात ये,” त्या म्हणाल्या. “आमचा पहिला ढीग दोन वर्षं सडत होता. आम्ही कुणाला सांगितलं नाही.”

पडद्याआड मुख्याध्यापकांनी मावशीला टाळी दिली आणि मग दोघंही ओशाळली.

“एक शंका आहे,” नाना म्हणाले.

 आईने डोळे मिटले. तुडतुडी हळूच म्हणाली, “नाना, नको ना...”

“तुमच्याकडे,” नानांनी विचारलं, “थंडी किती असते?”

बाईंनी उत्तर देण्याऐवजी बाही वर केली. आत एक स्वेटर. त्याच्या आत आणखी एक.

संध्याकाळी नाना एकटेच बाजारात गेले. बाहेर अंगाची काहिली होत होती, आणि कपड्यांच्या दुकानातला माणूस पंख्याखाली वारा घेत बसला होता.

“सगळ्यात जाड लोकरी स्वेटर दाखवा,” नाना म्हणाले.

“या दिवसांत?” दुकानदाराने वर पाहिलं. “कुणासाठी?”

“मुलीसाठी.”

“केवढी आहे?”

नानांनी हात कमरेपाशी नेला. तिथे तो जरा थांबला. मग वर सरकला, छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, आणि शेवटी नानांच्या कानाच्या पाळीला येऊन टेकला. तिथे तो बराच वेळ राहिला.

“मग वरच्या मजल्यावर जा काका,” दुकानदार म्हणाला. “इथे लहान मुलांचे आहेत.”